बंड्यास पत्र: सहा चौकटी

घाटंजी,
पोळ्यानंतरचा दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

तुझे दोन फोन आले आणि मी उचलले नाहीत. कामात नव्हतो. उचलला असता तर हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते फोनवर जमलं नसतं. म्हणून लिहायला बसलो. माझी तब्येत बरी. मायची बरी, गुडघे तेच.

अकोल्याच्या होस्टेलवर आपण तीन दिवस अबोला धरला होता, आठवते? तुझ्या थीसिसच्या आलेखांवरून. तू म्हणायचास, शेजारीशेजारी ठेवलेल्या चित्रांना माप एकच पाहिजे, कारण खेटून ठेवली की माणूस ताडून पाहणारच. मी म्हणायचो, ज्याला त्याचं माप द्या, नाहीतर लहान आकड्यांचा आकारच दिसत नाही. तुझं बरोबर होतं, बंड्या. ते मला या पंधरवड्यात कळलं, आणि कसं कळलं ते तुलाच सांगू शकतो.

इथे कपाशीच्या सहा वावरांत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावले आहेत, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. पोरं रोज सकाळी पतंग मोजतात, मी आठवड्याला आलेख काढतो. आधी सहा सुटे फोटो टाकायचो, ते ग्रुपवर वरखाली होऊन हरवायचे. कास्तकार म्हणाले, एकाच फोटोत द्या ना जी. रास्त मागणी. आकडे-आलेखांच्या आर या संगणकभाषेत पार-एमएफरो, म्हणजे एका पानावर चौकटी पाडायची आज्ञा, दिली, दोन ओळी, तीन रकाने. चित्रं ओळीने भरत गेली, बाहेरच्या समासात एक शीर्षक टाकलं. दहा मिनिटांत झालं.

पण तसं केलं की आर प्रत्येक चौकटीला तिच्यातिच्या आकड्यांवरून माप लावतो. काकांच्या वावरात सगळ्यात जास्त पतंग सापडले ते एका रात्री ४. नानाच्या वावरात २७. आणि फोटोत दोघांचीही रेघ चौकटीच्या छताला टेकलेली! अक्षावर आकडे होते, खोटं काही नव्हतं. पण तीन रकाने झाले की आर अक्षरं आपोआप ०.६६ पट बारीक करतो, त्यात व्हॉट्सअॅपने फोटो दाबला, त्यात काकांच्या मोबाईलची काच तडकलेली. परवा तो मोबाईल हातात घेऊन मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. ४ काय आणि २७ काय, दोन्ही राखाडी ठिपके.

काकांनी डोंगर पाहिला आणि फवारणी धरली. फवारणी कधी धरायची ती नुकसानीची पातळी तुला पाठ आहे, एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, तेही सलग तीन रात्री. काका त्याच्या निम्म्यावर होते. सालदाराने भर उन्हात पंप मारले आणि संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. दोन रात्री दवाखान्यात होता. आता घरी आला आहे, जेवतो आहे. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते तुला सांगायला नको. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो आणि डोळ्यांपुढे तेच वर्ष.

आणि नाना! नानाने तोच फोटो पाहिला आणि म्हणाला, "सगळ्यायचं सारखंच हाय, मंग आपल्यालेच कायची घाई?" चार दिवसांनी त्याच्या धुऱ्यावरून आत गेलो तर पऱ्हाटीवर डोमकळ्या. एक उकलून पाहिली. पाकळ्या रेशमाने आतून शिवल्यासारख्या चिकटलेल्या, मध्ये अळी. एकाच फोटोने एकाला उगाच पळवलं आणि दुसऱ्याला उगाच बसवून ठेवलं.

त्याच रात्री दुरुस्त केलं. सहाही वावरांचे आकडे एकत्र घेतले, त्यातला सगळ्यात मोठा पाहिला आणि सहाही चौकटींना एकच वायलिम, म्हणजे उभ्या अक्षाची हद्द, दिली, शून्य ते ३०. प्रत्येकीत एबीलाइनने ८ वर लाल रेघ ओढली. तू आरमधल्याच जीजीप्लॉट या दुसऱ्या चित्रपद्धतीतलं फॅसेट रॅप, फॅसेट रॅप करायचास. त्यात माप मुळातच एक असतं, सुटं हवं तर मुद्दाम मागावं लागतं. तिथेही तू पुढे. (अर्थात त्याआधी जीजीप्लॉटची चित्रं पार-एमएफरोने जोडायला तू रात्रभर बसला होतास, एकेक पान सुटंच येत होतं, आणि मेसवाल्या भाऊंनी विचारलं होतं, प्रिंटर बिघडला काय गा? डेव्ह-ऑफ, म्हणजे फाइल बंद करायची आज्ञा, विसरून सरांना न उघडणारी फाइल दिलीस, ते वेगळंच!)

नव्या फोटोत चार चौकटी जमिनीला लागल्या. काकांची रेघ तर पाटीवर खडू आडवा ओढावा तशी. होस्टेलवर मला याचीच भीती होती, की आकार मरतो. मरू दे. काकांच्या वावराची ती सपाट रेघ हीच तर बातमी होती. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, बदलल्यावर पतंग वाढले का, हे पाहायला सुटं माप मला अजून लागतं, पण तो कागद माझ्यापुरता ठेवतो.

आता खरं ते. मला कोणी बोल लावत नाही. काका म्हणतात, "औषधच जहाल निघालं बाप्पा." सालदाराची बायको मला चहा देते, तो घशाखाली उतरत नाही. जुना आणि नवा, दोन्ही कागद शेजारी ठेवून सांगायचं मी ठरवलं आहे. गटातला एक जण म्हणतो, सांगू नको, सापळ्यांवरचाच विश्वास उडेल आणि लोक पुन्हा तारखा धरून फवारत सुटतील. त्याच्या बोलण्यात दम आहे, म्हणूनच झोप नाही. पण सालदार मला म्हणाला, "मीच फडकं बराबर बांधलं नव्हतं भाऊ." हे त्याच्या डोक्यात तसंच राहू द्यायचं का, बंड्या? फडकं नीट नसेलही. पण त्या दिवशी पंप पाठीवर घ्यायचं कारणच नव्हतं.

तुझं काय? नवी नोकरी रुळली का? वहिनींच्या बदलीचं कळव. तान्ह्या पोळ्याला पोरीने दादाजींचाच लाकडी बैल नेला ना? फोटो पाठव.

उद्या सकाळी जातो. मोठ्या कागदावर छापून घेतलं आहे, आकडे बोटभर केले आहेत. आधी सालदाराच्या घरी, मग काकांकडे. परत आलो की तुझा फोन उचलतो.

तुझा,
दिन्या