बाकाखालची बाजरी

प्रिय अब्या,

सात-आठ महिने तुला पत्र नाही, लाज वाटते. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. पण हे तुलाच सांगायला हवं.

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण झाला. वेदीपुढे बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मांडणी माझ्याकडे. वेशीजवळची मावशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात शेरभर बाजरी घेऊन आली. गाठ सोडली तर आत टोके, धान्यातले किडे. उपासनेनंतर लिलाव असतो, ही कोण घेणार, म्हणून मी गाठोडं बाकाखाली सरकवलं. तिनं ते पाहिलं. काही बोलली नाही, पदर सावरून मागे जाऊन बसली. अब्या, गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे तिच्याजवळच्या सगळ्या पैशांची, गोष्ट मी पोरांना किती वेळा शिकवली असेल!

तेव्हापासून पनवेलच्या तुमच्या बेने इस्राएली, म्हणजे यहुदी, घराची ओटी डोळ्यांपुढून हलत नाही. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मांडलेलं मलिद्याचं ताट, भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं खोबरं, भोवती फळं. मी म्हणालो, "पोहेच तर आहेत," आणि तू चार दिवस अबोला धरलास. (एलियाहू हन्नबीच्या ताटातलं केळं तूच पळवलंस, हे मी अजून विसरलेलो नाही.) तेव्हा तुझ्या बाबांनी मला जवळ बसवून बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा दुसरा अध्याय काढला. सपिठाचं अर्पण आणणाऱ्याला हिब्रूत 'नेफेश' म्हटलंय, म्हणजे जीव. का, तर सपीठ कोण आणतो? गरीब. देव म्हणतो, यानं आपला जीवच मला वाहिला असं मी धरतो. तालमूद या तुमच्या धर्मग्रंथातलं ते वाक्य सांगताना बाबांचा आवाज कापला होता.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. अर्पणाला लंगडं, आंधळं जनावर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्टा झापतोच ना? पण त्यांच्या कळपात धडधाकट नर होता. मावशीच्या मडक्यात दुसरी बाजरी नव्हती. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया-योसेफांनी कोकरू नाही, पाखरांची जोडी वाहिली. ऐपत नसलेल्या बाळंतिणीला नियमशास्त्रानंच ती मुभा दिली होती. आणि निर्गम पुस्तकाच्या 29व्या अध्यायात लिहिलंय, वेदीला जे लागेल ते पवित्र होईल. पवित्र करणारा तो. माझं काम गाठोडं तिथवर पोचवायचं, एवढंच होतं. तेवढंही मी केलं नाही.

लेकीची लष्करातली मुदत संपली का? तिकडे इस्राएलात, अश्दोदला यंदा उकाडा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

गाठोडं मी घरी आणलंय. हिनं चाळणी काढून ठेवली, पण माझा हात होत नाही. उद्या मावशीकडे जाऊन माफी मागणार आहे. पुढच्या रविवारी तिच्याच हातून वेदीवर ठेवायची, हे नक्की. बाबांना विचारून लवकर कळव : चाळून ठेवू, की तशीच?

तुझा,
सम्या