आधी एगिसहॉर्न, मग युंगफ्राऊयोख

बर्न, १४ जून

ती. काका आणि काकू यांना सा. न. वि. वि.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याची स्वित्झर्लंडची तिकिटं काढलीत हे फार चांगलं झालं. आलेत्श हिमनदी बघायला तोच काळ योग्य. जूनमध्ये तिच्या बऱ्याच भागावर हिवाळ्यातलं हिम असतं, त्यामुळे सगळं नुसतं पांढरं दिसतं. ऑगस्टअखेर खालच्या भागातलं हिम वितळून आतला करडा-निळा, भेगाळलेला बर्फ उघडा पडतो.

सहलीवाल्यांच्या यादीत एकच नाव असतं, युंगफ्राऊयोख, म्हणजे रेल्वे जाते ती आल्प्समधली उंच खिंड. तिथे जाऊच. पण माझा आग्रह आहे की आदल्या दिवशी एगिसहॉर्न या शिखरावर जायचं. युंगफ्राऊयोख (पुढे नुसतं योख म्हणतो) ३,४५४ मीटरवर, आलेत्श हिमनदीच्या अगदी उगमाशी आहे. पडलेलं हिम तिथे थरावर थर साचतं, दाबानं दाणेदार होतं आणि बऱ्याच वर्षांनी त्याचा घट्ट बर्फ होतो. म्हणजे योखवर तुम्ही नदीच्या उगमावर उभे असता. नदी मात्र पुढे, वळणापलीकडे असते. एगिसहॉर्नवरून ती वीसेक किलोमीटरची सगळी लांबी एका नजरेत येते. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी.

तिथे पोचणं सोपं आहे. बर्नहून ब्रिगला रेल्वेनं तासाभरात, तिथून छोट्या गाडीनं फीश, आणि फीशहून दोन टप्प्यांत केबल कार. वरचं स्थानक २,८६९ मीटरवर आहे. भाडंही योखपेक्षा बरंच कमी. वर गेल्यावर हिमनदीच्या अंगावरचे दोन लांबलचक काळे पट्टे बघा. कोंकोर्डियाप्लाट्झ नावाच्या जागी वरून तीन मोठे प्रवाह एकत्र येतात. दोन प्रवाह भिडले की त्यांच्या कडेचा दगडगोटा मधे अडकतो आणि बर्फाबरोबर खाली वाहत राहतो. तीन प्रवाह, म्हणून सांधे दोन, म्हणून पट्टे दोन. भूगोलाच्या पुस्तकात मध्य हिमोढ म्हणतात तो हाच. कोंकोर्डियाप्लाट्झला बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे, आणि तो वर्षाला दीड-दोनशे मीटर सरकतो.

मग दोन्ही काठांकडे बघा. बर्फाच्या वर फिकट, झाडाझुडपांविना उघडा खडकाचा पट्टा दिसेल. १८५०-६०च्या सुमारास बर्फ त्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत होता. तेव्हापासून हिमनदी लांबीनं तीन किलोमीटरहून जास्त आटली आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला सुमारे दहा टक्के बर्फ गेला. हे बघून मग योखवर गेलं, की पायाखालच्या हिमाची किंमत कळते. म्हणून हा क्रम. शिवाय एक दिवस मध्यम उंचीवर काढल्यानं योखला जाण्याआधी तिथली हवा कशी मानवते याचा अंदाजही येतो.

योखचा दिवस पहाटे सुरू करायचा. बर्न, इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल, तिथून १५ मिनिटांची आयगर एक्स्प्रेस केबल कार आणि शेवटी आयगर पर्वताच्या पोटातून जाणारी दात्यांची रेल्वे. हा बोगदा १८९६ ते १९१२ या काळात खोदला. वर जाताना गाडी आइसमेअर स्थानकावर पाच मिनिटं थांबते. काचेतून हिमनदी बघायला उतरा, पण पळू नका.

खरी अडचण इथेच होते. बर्न साडेपाचशे मीटरवर, आणि आपण दोन-अडीच तासांत साडेतीन हजारांवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. माणसं गाडीतून उतरतात, फोटोसाठी जिने धावत चढतात आणि दहा मिनिटांत डोकं धरून बसतात. पहिला अर्धा तास संथ चालायचं, घोट घोट पाणी प्यायचं, सकाळी हलकं खायचं. डोकं दुखलं, मळमळलं किंवा चक्कर आली तर पुढच्या गाडीनं खाली यायचं. उतरणं हाच उपाय. काकांनी बीपीच्या डॉक्टरांना ही उंची सांगून निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. हे टाळू नका.

योखवरच्या स्फिंक्स या निरीक्षण-गच्चीची लिफ्ट १०८ मीटर वर नेते, तिथून आलेत्शचा उगम दिसतो. बर्फात कोरलेल्या बर्फमहालाची जमीन म्हणजे खरा बर्फ, झिजलेल्या तळव्यांचे बूट हमखास घसरतात. माणसांच्या उबेनं वितळू नये म्हणून तो महाल मुद्दाम थंड ठेवावा लागतो. बाहेर हिमावर गेलात तर खुणांच्या आतच राहा. बर्फातल्या खोल भेगांवर हिमाचा पातळ पूल तयार होतो, तो वरून ओळखू येत नाही आणि माणसाच्या वजनानं कोसळतो. पलीकडे पावलं उमटलेली दिसली तरी जायचं नाही.

कपडे थरांचे घाला: आत बनियन, मग स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. ऑगस्टमध्येही तिथे शून्याच्या आसपास असतं. काकूंनी साडीऐवजी पँट किंवा सलवार घालावी. काळा चष्मा चांगला हवा, कारण ताजं हिम ऊन परत फेकतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं.

योखचं तिकीट मी आधी काढणार नाही. भाडं दोनशे फ्रँकच्या पुढे, आणि वर ढग असतील तर समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. पर्यटकांचा स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, त्यापुढे २५ टक्के सवलत मिळते. सकाळी वरचे थेट कॅमेरे बघून ठरवू. दुपारी ढग चढतात, म्हणून दहाच्या आत वर असलं पाहिजे. त्या आठवड्यात तीन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे त्यातला स्वच्छ दिवस निवडता येईल.

आजीला नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुमचा पुतण्या