खलाशाला कप्तान होऊ द्या

मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री यांस,
सादर नमस्कार.

जोशुआ स्लोकम हे नाव आपण ऐकलेच असेल. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या शिडाच्या बोटीतून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मला मात्र त्याआधीच्या स्लोकमविषयी लिहायचे आहे, व्यापारी जहाजांवर हयात घालवलेल्या कप्तानाविषयी.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात १८४४ साली तो जन्मला. बाप बूट शिवायचा. शाळा लहानपणीच सुटली. सोळाव्या वर्षी तो साधा खलाशी म्हणून निघाला आणि १८ व्या वर्षी ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याची सेकंड मेटची (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची) परीक्षा पास झाला. १८६९ मध्ये, पंचविशीत, पहिले जहाज त्याच्या ताब्यात आले. पुढे अलास्काच्या किनाऱ्यावर त्याचे ‘वॉशिंग्टन’ जहाज फुटले, तरी त्याने माणसे आणि पकडलेले मासे दोन्ही सुखरूप आणले. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये त्याचे ‘अॅक्विडनेक’ जहाज रुतून मोडले, तेव्हा बायकामुलांना घरी न्यायला त्याने स्वतः ३५ फुटी बोट बांधली. ती पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली तो हाच दिवस, म्हणून तिचे नाव ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून तो कुटुंबासह अमेरिकेला पोचला. माणूस कठोर होता. ‘नॉर्दर्न लाइट’ या त्याच्या जहाजावरच्या एकाला डांबून ठेवल्याबद्दल त्याला न्यायालयाने दंडही केला, आणि तो योग्यच होता.

त्याच काळात रत्नागिरीकडचे खलाशी ब्रिटिश आगबोटींवर राबत होते. समुद्र त्यांनाही तितकाच कळत होता. पण त्यांची शेवटची पायरी सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची. जहाजाच्या ब्रिजवर उभे राहून हुकूम देणारा साहेब नेहमी गोराच. हिंदी मुलांना अधिकारी म्हणून घडवणारी ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका मुंबईत आली ती थेट १९२७ साली.

आज खलाशाची कप्तान होण्याची वाट नियमांनी अडवलेली नाही, हे मला ठाऊक आहे. अडवले आहे ते पैशांनी आणि भाषेने. आमच्या गावांतली मुले बोटीवर जातात, करार संपला की पगार थांबतो. त्याच सुट्टीत मुंबईत खोली घेऊन, फी भरून अधिकारीपदाच्या इंग्रजीतल्या परीक्षेची तयारी करायची कशी? मग पुढचा करार येतो आणि पोरगा पुन्हा डेकवर. असे करता करता चाळिशी येते.

परीक्षा सोपी करा असे मी म्हणत नाही. समुद्रावर चूक माणसे मारते. माझी मागणी एवढीच आहे: रत्नागिरीत आणि मालवणात नौवहनशास्त्र मराठीतून समजावणारे सरकारी तयारी वर्ग सुरू करा, सोबत परीक्षेपुरते इंग्रजी शिकवा, आणि त्या महिन्यांत खलाशाचे घर चालेल इतके विद्यावेतन द्या. पुढच्या ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाला या वर्गांची घोषणा व्हावी, ही विनंती.

आपला,
कोकणातील एक नागरिक