उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : परदेशी करार अंबडच्या गाळ्यापर्यंत यावेत

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तरुण उद्योजकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यात प्रत्यक्ष कामाच्या मुक्कामाची तरतूद करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. परदेशी शिष्टमंडळे महाराष्ट्रात येतात, आपली परदेशी जातात, सामंजस्य करार होतात आणि त्यांत ‘युवा उद्योजक’ हे शब्द हटकून असतात. या करारांना माझा विरोध नाही. परंतु नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात दोन यंत्रे टाकून बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला अथवा मुलीला त्यांचा उपयोग व्हायचा असेल, तर परदेशातल्या एखाद्या लहान कारखान्यात काही महिने राहून काम करण्याची सोय त्यांत असली पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

बाहेरच्या जगाशी व्यवहार कसा जमवावा, हे नाशिक जिल्हा द्राक्षातून शिकला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांना त्या हंगामाचा जबर फटका बसला. त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. शेतमालाच्या निर्यातीसाठीची केंद्राची संस्था अपेडा हिची ग्रेपनेट ही ऑनलाइन प्रणाली २००६ पासून होतीच. तिच्यात बागेची नोंदणी, अंशांची प्रयोगशाळेतील तपासणी आणि कंटेनर यांची साखळी जोडलेली होती. तपासणीच्या यादीत या रसायनाची भर पडली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली आणि युरोपातला खरेदीदार नेमके काय तपासतो, हे बांधावरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ झाले. पुढे २०२२ मध्ये मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत बेल्जियमच्या इनकोफिन व कोरिस, नेदरलँड्सच्या एफएमओ आणि फ्रान्सच्या प्रोपार्को या गुंतवणूक संस्थांनी मिळून सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. हा पैसा येण्याआधी मानके, तपासणी आणि खरेदीदाराशी असलेली ओळख यांवर अनेक वर्षे काम झाले होते, ही गोष्ट गुंतवणूक परिषदांच्या गर्दीत विसरली जाते.

अभियांत्रिकीतल्या तरुणाला अशी साखळी उपलब्ध नाही. तो बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीचा व्हेंडर असतो; ड्रॉइंग तिकडून येते, माल तिकडे जातो आणि तो पुर्जा शेवटी कोणत्या यंत्रात बसतो, हेही त्याला अनेकदा माहीत नसते. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिच्टेनस्टाइन यांच्याशी झालेला करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट आहे. आयातशुल्क कमी झाल्याचा लाभ मात्र ज्याला तिकडचा खरेदीदार ठाऊक आहे, त्यालाच आधी मिळणार. युरोपात यंत्र विकायचे तर ते तिथल्या सुरक्षा नियमांत बसते हे दाखवणारे सीई चिन्ह लागते. त्याचे यंत्रांविषयीचे नवे नियम जानेवारी २०२७ पासून लागू होत आहेत. ते नियम कोणालाही वाचता येतील, पण धोक्याचे मूल्यमापन कसे लिहितात, तांत्रिक फाइल कशी ठेवतात आणि संरक्षक जाळी नेमकी कुठे बसवतात, हे तसे यंत्र रोज बनवणाऱ्याच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय हाताला येत नाही.

युरोपीय संघाने हेच ओळखून २००९ पासून ‘इरॅस्मस फॉर यंग एंटरप्रेन्युअर्स’ ही योजना चालवली आहे. नवा उद्योजक दुसऱ्या देशातल्या अनुभवी उद्योजकाकडे एक ते सहा महिने राहतो, त्याच्या धंद्यात काम करतो आणि प्रवासाच्या व राहण्याच्या खर्चाचा काही भाग संघ उचलतो. यजमानालाही नवी नजर आणि नव्या बाजारपेठेची ओळख मिळते, म्हणून तो तयार होतो. आपल्याकडे जर्मनीच्या सहकार्याने व्यवस्थापकांसाठी सुमारे महिनाभराचा प्रशिक्षण कार्यक्रम चालतो आणि तो चांगला आहे, पण तो ज्यांच्या हाताखाली आधीच माणसे आहेत अशांसाठी आहे. आपल्याच देशातला जुना दाखला द्यायचा तर ब्रिटनमधील प्रिन्स ट्रस्ट या तरुणांना मदत करणाऱ्या संस्थेच्या धर्तीवर १९९२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टचा देता येईल. प्रत्येक तरुणामागे एक अनुभवी मार्गदर्शक, ही पद्धत तिकडून आली आणि इथे रुजली. कल्पना आणताना इमारत आणि फलक आणावे लागत नाहीत.

नाशिकमध्येही हे एकदा घडून गेले आहे. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे प्रा. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने ‘कुंभथॉन’ हा कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारा उपक्रम झाला. परदेशातून आलेली मंडळी इथल्या विद्यार्थ्यांबरोबर बसली, आणि विषय इथलेच होते : गर्दी, आरोग्य, निवास, वाहतूक. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. ती आठवण या शहराला होती, म्हणून पायाखालच्या चटईवरून जाणाऱ्यांची संख्या मोजणारे उपकरण नाशिकच्या मुलांना सुचले आणि ते २०१५ मध्ये प्रत्यक्ष वापरलेही गेले. पुढे याच वातावरणातून टीसीएसचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पनांचे केंद्र शहरात उभे राहिले. बक्षीस आणि प्रमाणपत्र देऊन संपणाऱ्या स्पर्धांपेक्षा हे वेगळे होते, कारण पाहुणे मुक्कामाला आले होते आणि प्रशासनाने प्रयोगाला जागा दिली होती. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी मोठ्या रकमेच्या निविदा निघणारच आहेत. त्यांतील एखादा लहान हिस्सा तरुणांच्या प्रायोगिक कामांसाठी राखून ठेवला, तर शासन त्यांचा पहिला ग्राहक होईल.

आता मुक्कामाच्या योजनेविषयी. दरवर्षी जिल्ह्यातील थोड्याच तरुणांना तीन महिन्यांसाठी पाठवावे. निवड जिल्हा उद्योग केंद्र आणि निमा, आयमा यांसारख्या उद्योजक संघटनांनी मिळून करावी आणि निवडीत इंग्रजी भाषणापेक्षा गाळ्यातले काम पाहावे. दिंडोरी-निफाड पट्ट्यात बागेतील फवारणीची यंत्रे बनवणाऱ्या तरुणाला इटली किंवा स्पेनमधल्या तशाच लहान कारखान्यात जागा मिळाली, तर त्याचा उपयोग लगेच होईल. या क्षेत्रात नाशिकचे तरुण मागे नाहीत. इथल्या अभियंत्यांनी उभ्या केलेल्या ‘मित्रा’ या कंपनीत महिंद्राने २०१८ मध्ये भागभांडवल घेतले होते. देवाणघेवाण दुहेरी असावी. ठिबक, कांद्याची साठवण आणि द्राक्षप्रक्रिया शिकण्यासाठी आफ्रिकेतील तरुण उद्योजक नाशिकला आले, तर आपणही यजमान होऊ आणि आपल्या यंत्रांना तिकडे ओळख मिळेल.

पाठवलेली मुले परतणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. ज्याचे यंत्र, कर्ज आणि कामगार अंबडला आहेत, तो सहसा परततो; नोकरीच्या शोधातल्या पदवीधराची गोष्ट वेगळी. तरीही अट घालायचीच असेल, तर परतल्यावर इथल्या आयटीआयमध्ये ठरावीक तास शिकवण्याची घालावी.

एक छोटी बाबही याच योजनेत बसवता येईल. परदेशी प्रदर्शनात नमुना यंत्र तात्पुरते नेऊन परत आणण्यासाठी एटीए कार्नेट नावाचे कागदपत्र असते आणि आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. त्यामुळे तिकडे शुल्क भरावे लागत नाही, पण त्यासाठी तारण ठेवावे लागते आणि तिथेच नवा उद्योजक मागे फिरतो. राज्याने अशा तारणाची हमी घेतली, तर रिकाम्या स्टॉलवर माहितीपत्रके वाटण्याऐवजी तो आपले यंत्र चालवून दाखवू शकेल.

यासाठी नवे महामंडळ नको. उद्योग विभागाने पुढील परदेशी करार करताना त्यात मुक्कामाच्या जागांची संख्या आणि खर्चाची वाटणी यांचे कलम घालावे आणि पहिली तुकडी नाशिकमधून निवडावी, अशी विनंती आहे. याबाबत विभागाची भूमिका काय आहे, हे लेखी कळवल्यास आम्हा उद्योजकांना यजमान शोधण्याचे काम आमच्या बाजूने सुरू करता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
अंबड औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक, नाशिक