स्मृतिसंग्रहालयाची पटकथा आधी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या स्मृतिसंग्रहालयाची घोषणा झाली की बातमीत इमारतीचा आकार, क्षेत्रफळ आणि आत बसणाऱ्या भव्य पडद्यांचे कौतुक असते. पण आत शिरलेल्या माणसाला आधी काय दिसेल, तो कुठे थबकेल आणि बाहेर पडताना त्याच्या समोर काय असेल, हे त्यात नसते. सिनेमावाले नेमका हाच विचार पटकथेत आणि संकलनाच्या टेबलावर करतात. वास्तुविशारदांनी त्यांच्याकडून पडदा नाही, दृश्यांचा क्रम घ्यावा.

सोविएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांना अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर (मंदिरांच्या प्राचीन टेकडीवर) चालताना उलगडत जाणाऱ्या दृश्यांतच माँटाज (दृश्यांचे तुकडे जोडून अर्थ घडवणारे संकलन) दिसला होता. (ते स्थापत्य शिकलेले, वडील वास्तुविशारद.) वॉशिंग्टनमध्ये १९९३ साली उघडलेल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार) संग्रहालयाच्या प्रदर्शनाची आखणी करणाऱ्यांत मार्टिन स्मिथ हे माहितीपटकार होते. तिथे लिफ्ट आपल्याला आधी वर नेते आणि मग कथा एकेक मजला खाली उतरत जाते.

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकातले वास्तुविशारद मोशे साफ्दी यांचे २००५ सालचे संग्रहालय. डोंगर कापून आरपार गेलेली, सुमारे १८० मीटर लांबीची, त्रिकोणी छेदाची सरळ वाट. दूरच्या टोकाचा उजेड दिसत असतो, पण जमिनीतले आडवे चर सरळ चालू देत नाहीत. दर वेळी बाजूच्या दालनात वळावेच लागते. शेवट डोळ्यांसमोर आहे आणि मधला एकही प्रसंग गाळता येत नाही. भिंतीवर एक अक्षर न लिहिता वास्तूने केलेले हे संकलन आहे.

बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात (२००१) डॅनिएल लिबेस्किंड यांनी इमारतीला छेदत जाणाऱ्या उंच पोकळ्या ठेवल्या. त्या बहुतेक रिकाम्याच आहेत. जी माणसे उरली नाहीत त्यांची जागा भरायची कशाने? चित्रपटात आवाज एकदम थांबतो तेव्हा प्रेक्षागृह श्वास रोखते, तसेच हे.

एक भेद मात्र विसरू नये. सिनेमाचा प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, इथला चालत असतो. त्याची गती त्याची आहे. शिवाय येणाऱ्यांत ज्यांचे माणूस गेले तेही असतात. त्यांना मध्येच बाहेर पडता यावे म्हणून दर टप्प्यावर दार हवे, बसायला बाक हवा. रडू आणणारे पार्श्वसंगीत आणि घटनेचे खोटे देखावे नकोत. गेलेल्याची खरी चप्पल, खरे पत्र, भोवती पुरेशी शांतता, एवढ्यावर दृश्य उभे राहते.

म्हणून आयोजकांना विनंती : स्मारकाच्या आराखड्यांची स्पर्धा घ्याल तेव्हा दर्शनी भागाच्या चित्राआधी चालण्याच्या वाटेचे कथाचित्र मागवा, दारापासून दारापर्यंत, दृश्यामागून दृश्य. आणि परीक्षकांत एक तरी अनुभवी चित्रपट-संकलक बसवा.

आपली,
एक वाचक