टोमॅटोच्या शेजारी झेंडू

चिपळूण,
गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस

प्रिय विन्या,

पत्र पोचलं. घरामागच्या मोकळ्या जागेवरून तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत हे वाचून हसू आलं. वहिनींना फुलझाडं हवीत, तुला भाजी, आणि तू मध्ये विटा रचून भावकीसारखी वाटणी करायला निघालास! अरे, दोन्ही एकाच वाफ्यात लाव. फायदा तुझ्या भाजीचाच आहे.

टोमॅटोचंच बघ. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला जास्त ओढला जातो. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. तुझ्याकडे एवढ्या ओळी कुठल्या! कडेने पाच-सहा रोपं पुरेत. मात्र लावताना झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं हवं, तरच दोघं बरोबर फुलावर येतात. म्हणजे झेंडूचं बी आत्ताच टाक, टोमॅटोचं वीसेक दिवसांनी. अळ्या दिसल्या की वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. तो आळस केलास तर झेंडू अळ्यांचं माहेरघर होईल. झेंडूने मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे अगदी बारीक कृमी, कमी होतात हेही खरं, पण त्यासाठी तो त्याच जागी दोन-तीन महिने दाट वाढावा लागतो. चार रोपांचं ते काम नाही.

वांगी फुलली की सकाळी तिथे जरा उभा राहा. भुंगा फुलाला लोंबकळतो, त्याचा गुंजारव एकदम चढतो आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर उडते. वांग्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक भोकं असतात, हलवल्याशिवाय पराग सुटत नाही. मधमाशीला हे जमत नाही. आणि त्या फुलात मध नसतोच. भुंग्याला तो लागतो तुळशीच्या मंजिऱ्यांत, गोकर्णीत. तेव्हा वहिनींची गोकर्ण कुंपणावर चढू दे.

जास्वंद मात्र भेंडी-वांग्यापासून लांब. तिच्यावर पिठ्या ढेकूण, ती पांढरी कापसासारखी कीड, आला की सगळीकडे पसरतो. गुलाबही वेगळ्या कुंडीत. त्याच्यावर औषध मारशील आणि खाली कोथिंबीर असेल! कण्हेर तर नकोच. मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि तुझा नातू हाताला लागेल ते तोंडात घालतो.

गावठी झेंडूच्या बियांची पुडी सोबत ठेवलीय. ही फुलं दसऱ्याच्या तोरणाला पोचणार नाहीत, वहिनींना आधीच सांगून ठेव.

तुझा,
अरुण