गुडघ्याबद्दल लिहिणार नव्हते

कराड,
बुधवार रात्री

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

स्वारगेटला साडेसातची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. बाराच्या आत घरी. फोनवर तू "पोचलीस ना?" एवढंच विचारलंस आणि मी "हो" एवढंच म्हटलं. बोलायला दोघांनाही जड जात होतं, म्हणून लिहितेय. रविवारी रात्री जेवताना तुझ्या लेकीच्या, मनूच्या, खो-खोवरून आणि तिच्या गुडघ्यावरून माझी जीभ जरा जास्तच चालली. "आई, तू आता शाळेत नाहीस" असं तू म्हणालास ते खरंच आहे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, शिट्टी मागच्या खोलीतल्या कपाटात पडलीय. तर या पत्रात गुडघ्याचं नाव काढायचं नाही, असं ठरवून बसलेय.

तुमच्याकडचे आठ दिवस छान गेले. सोमवार ते शुक्रवार काही म्हणता काही घडलं नाही, आणि मला तेच आवडलं. सकाळचे चार डबे, धाकट्याची रोज हरवणारी एक चप्पल, सूनबाईंचा साडेआठचा चहा जो त्या कधीच गरम पीत नाहीत. गुरुवारी वीज गेली तेव्हा सगळे गच्चीत बसलो आणि मनूनं अंधारात भेंड्या लावल्या. तू कठड्याला टेकून पाय लांब करून बसला होतास.

शनिवारी मनूच्या खो-खोच्या मैदानावर गेले ती नुसती बघायला. खरं सांगते, पहिला अर्धा तास तोंड उघडलं नाही. मैदान नीट राखलंय. सकाळी पाणी मारलेलं, खडे वेचलेले, फक्कीच्या रेषा सरळ. दोन टोकांचे खांब हलवून पाहिले, पक्के आहेत, वरची कड घासून गोल केलीय. तुझ्या वेळी आमच्या शाळेत एक खांब कायम डुलायचा, आणि डुलणाऱ्या खांबावर मूल विसंबून वळलं की पहिला मार खांद्याला बसतो. हे मैदान त्या मानानं स्वर्ग. मनूच्या सरांनाही मी नावं ठेवणार नाही. सूर मारायला शिकवताना आधी पोटावर घसरायला लावतात, मग गुडघे टेकून, मग उभ्यानं. आणि हनुवटी वर धरायला सांगतात. असा क्रम पाळणारे फार थोडे.

आणि मनू! बचावाच्या पहिल्या तुकडीत पळाली, दोन मिनिटं दहा सेकंद. मी घड्याळ लावलं होतं. तिची हूल तू नीट बघितलीस का? खांदा उजवीकडे टाकते, नजरसुद्धा उजवीकडे, आणि पाय डावीकडे निघतो. हे कुणी शिकवून येत नाही. साखळी पळताना, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी जाताना, मध्येच रिंगणात गोल फिरायला लागते तेव्हा पाठलाग करणारी पोर दोन पावलं फुकट घालवते. चौदा वर्षांखालच्या किशोरी गटात खेळायला अजून दोन वर्षं आहेत तिच्याकडे. राष्ट्रीय स्पर्धेत त्या गटातल्या उत्तम मुलीला इला पुरस्कार देतात. तिला ते नाव पाठ आहे, ठाऊक आहे ना तुला? मला रात्री झोपताना हळूच सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली होती, आता सांगून टाकलं.

आक्रमणात, म्हणजे पाठलाग करताना, मात्र वेगळं दिसलं. खो-खोत एकदा दिशा घेतली की पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, दोन खांबांमधली मध्यरेषा ओलांडता येत नाही. बाजू बदलायची ती खांबाला वळसा घालूनच. म्हणजे भरधाव जायचं आणि सगळा वेग एका पावलावर मोडायचा. मनू रविवारच्या सामन्यात खांबाशी सात वेळा वळली. मी मोजलं. पाचदा तिचा डावा गुडघा आत पडला, उजव्या गुडघ्याकडे. पाऊल जमिनीत रुतलेलं, चवड्याचं तोंड जुन्याच दिशेला, आणि अंग नव्या दिशेला निघालेलं. मध्ये कोण पिळवटतं ते तूच सांग.

झालं. लिहायचं नव्हतं ते लिहिलंच. आता आलंच आहे तर पुरतं ऐक, आणि मग रागाव.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारा एक दोर असतो, डॉक्टर एसीएल म्हणतात तो. लोकांना वाटतं कुणी येऊन आदळलं की तो तुटतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. कुणी हातही लावलेला नसतो. मूल थांबतं, वळतं किंवा उडी मारून उतरतं, गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आत कलतो आणि काम होतं. वयात येताना मुलींची उंची भराभर वाढते, मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू त्या वेगानं तयार होत नाहीत, म्हणून मुलांपेक्षा मुलींना हा धोका जास्त. मनू बारा वर्षांची आहे. जूनपासून चार बोटं वाढलीय, सूनबाईंनी दाराच्या चौकटीवर खूण केलीय ती बघ.

दुसरं, सर आता मातीवरून मॅटवर सराव हलवायचं म्हणतायत. मुलींच्या डोक्यात विश्वचषक आहे, असणारच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिलाच विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं आणि कर्णधार आपली प्रियांका इंगळे. मीसुद्धा त्या रात्री टीव्हीसमोरून उठले नव्हते. पुढे जायचं तर मॅट हवीच. पण मातीत पाऊल थोडं घसरतं, कातडी सोलते, गुडघा वाचतो. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि पाऊल फिरतच नाही. मातीतली सवय घेऊन मूल थेट मॅटवर गेलं की पहिले काही आठवडे वाईट. सरांना एवढंच विचार की पहिला महिना आठवड्यातून एकच दिवस मॅट आणि खांबाची वळणं अर्ध्या वेगानं ठेवाल का. मी विचारलं असतं तर आगाऊपणा झाला असता. तू बाप आहेस.

घरी करायचं ते सोपं आहे. जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवरून, म्हणजे साधारण फूटभर उंचीवरून, तिला दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांग आणि लगेच वर उडी घ्यायला सांग. तू समोर बसून मोबाइलवर चित्रण कर आणि ते हळू करून बघ. उतरताना गुडघे पावलांच्या सरळ वर राहिले तर उत्तम. एकमेकांकडे झुकले तर सराव हवा. एका पायावर खुर्चीत बसून उठणं, पाच वेळा, तेही बघ. डाव्यावर ती नक्की डगमगेल.

सराव म्हणजे फुटबॉलवाल्यांचा 'इलेव्हन प्लस' म्हणून जो आहे तोच. वीस मिनिटांचा आहे: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं आणि वळणं. आठवड्यातून निदान दोनदा केला तरच उपयोग. त्यातलं नॉर्डिक विसरू नका. गुडघ्यावर उभं राहायचं, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा, जास्त नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिला पायऱ्या उतरता येणार नाहीत आणि ती कायमचं सोडून देईल. कोपरांवर टेकून फळी वीस ते तीस सेकंद, तीनदा. एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, प्रत्येक पायावर तीस सेकंद. हे धाकट्याबरोबर करू दे, त्याला फार आवडेल.

खांबाचं वळण वेगळं शिकवावं लागतं. खांबाआधीची तीन पावलं आखूड. कंबर खाली. आतला हात खांबावर, कोपर किंचित वाकलेलं, ताठ नको. आणि शेवटचं पाऊल टाकतानाच चवडा नव्या दिशेला. आम्ही पोरींना एकच घोकायला लावायचो: अंगठा जिकडे, गुडघा तिकडे. आधी चालत दहा वेळा, मग निम्म्या वेगानं दहा, मग पळत. दमल्यावर मुळीच नाही. मनूचे ते पाच पडलेले गुडघे आक्रमणाच्या डावातल्या शेवटच्या दोन मिनिटांतले होते, ही गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली.

किती लांबलं बघ हे. सूनबाई वाचत असतील तर म्हणतील, सासूबाईंनी परिपत्रक काढलं. माफ कर. तुम्ही दोघं नोकऱ्या सांभाळून तिला दर शनिवार-रविवार मैदानावर नेता, उन्हात बसता, बाटल्या भरता. आमच्या वेळी एकही पालक फिरकायचा नाही. मला हे तोंडावर म्हणता आलं नाही आणि चुका मात्र घडाघडा म्हणता आल्या.

बाळ, तू त्या वर्षी दहावीत होतास. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात पाय मुरगळला म्हणालास, संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. मी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून गरम लेप लावला, तेल लावून चोळलंसुद्धा. जिना चढताना तू कठडा धरलास तेव्हा मी "नाटकं करू नकोस" म्हणाले. सकाळी क्रेप बँडेज घट्ट बांधून मीच मैदानावर सोडलं. शाळेची बाई मी, संघ माझा, आणि बदली गडी कच्चा होता. तू सामना पुरा केलास. ढाल अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. परवा गच्चीत सगळे मांडी घालून बसले होते, तू एकटा डावा पाय लांब सोडून. जेवतानाही तसाच बसतोस. तू कधी मला बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

म्हणून आता जे मला तेव्हा कळत नव्हतं ते लिहून ठेवते, फ्रीजवर लाव. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकावर टेंगूळ येऊन दाबल्यावर दुखत असेल तर घाबरू नका. वाढीच्या वयात खूप धावणाऱ्या मुलांना ते होतं. थोडे दिवस पळणं कमी, खेळून आल्यावर बर्फ, बरं होतं. पण वळताना 'टक' आवाज आला, किंवा तिला तसं जाणवलं, आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला, तर आत रक्त साचलंय असं धरा. खेळ तिथंच थांबवायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढून बसवणाऱ्याकडे तर मुळीच न्यायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पट्टी पोटरीकडून मांडीकडे, बोटं निळी पडणार नाहीत इतपत, पाय उशीवर. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे चांगला आला म्हणून सुटलो समजू नका, त्यात हाड दिसतं, दोर दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो. आणि ती "दुखत नाहीये, खेळते" म्हणाली तर ऐकू नका. तूही हेच म्हणाला होतास.

बाकी किरकोळ. सामन्याआधी दोन-तीन तास पोळी-भाजी, अर्धा-पाऊण तास आधी केळं. वडापाव नंतर, आधी नको. परवा उलट झालं होतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, विकतच्या रंगीत पाण्याची गरज नाही. कोपर-गुडघे सोलले की नळाखाली साबणानं धुवा, हळद चेपू नका, माती आत राहते. दहाव्या वर्षीचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन झालंय का, कार्ड बघ. आठवड्याला जितकी वर्षं वय तितके तास, त्याहून जास्त खेळ नको, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेचा पीटीचा तास धरून मोज. नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल नको. सूनबाईंना सांग, मनूचं हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या, आता लागेल.

उद्या एसटीच्या पार्सलनं डबा पाठवतेय. शेंगदाण्याची चटणी मनूची, लसूण नसलेली धाकट्याची, मेतकूट तुझं. खाली दहा सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज ठेवलीत, नवी आहेत.

शनिवारी तो पायरीवरचा व्हिडिओ पाठव. समोरून काढ, आणि तिचे गुडघे दिसतील अशी चड्डी घालायला सांग.

आई

ता. क. तुझा डावा कधी दाखवलास का कुणाला? नसेल तर दाखव. एमआरआयचे पैसे मी देते, आणि याला नाही म्हणू नकोस.